उजव्या मनगटावरचं घड्याळ

"ताई, यात दोष नाही. आठ दिवस माझ्याच हातावर होतं, एकदाही थांबलं नाही." म्हाताऱ्या दुकानदाराने ऑटोमॅटिक घड्याळ काउंटरवर ठेवलं. पांढरी तबकडी, दोन काटे, आकडेसुद्धा नाहीत.

"पण घरी दोन दिवसांत बंद पडतं," कुमुद म्हणाली. "ह्यांच्या हातावरून मी ते काढतसुद्धा नाही."

"हात हलला की ते आपोआप चालतं. हलतो ना त्यांचा हात?"

हलतो, असं ती म्हणणारच होती. अर्धांगवायूने लुळा पडलेला उजवा हात आता हलतो, असं नवराच सांगायचा. "तू शाळेत शिकवायला गेलीस की दुपारभर व्यायाम करतो. तुझ्यासमोर मात्र हलत नाही लेकाचा." म्हणून तर तिने हौसेने त्याच हातावर घड्याळ बांधलं होतं.

दुकानदाराने दुसरं काढलं. दिसायला हुबेहूब तसंच, पण रोज चावी द्यावी लागणारं. तिने ते बदलून घेतलं आणि घरी काही सांगितलं नाही. पहाटे नवरा झोपेत असताना ती चावी देऊ लागली.

पाचव्या दिवशी ती शाळेतून आली, तेव्हा त्याचे डोळे भरलेले होते.

"मी खोटं बोलत होतो गं. हात कधीच हलला नव्हता. पण पाच दिवस झाले, घड्याळ चालूच आहे. म्हणजे हलतोय, मलाच कळत नाहीये."

कुमुदने तो हात उचलला. सोडला तर पडेल, म्हणून धरूनच ठेवला.

"हो," ती म्हणाली, "हलतोय."