पिल्लं तोडायचे दिवस

तांबडी कोंबडी खुडूक बसून काढलेल्या आपल्याच पिल्लांना आज टोचून हाकलत होती.

"अम्मच्ची, ती असं का करते?" माझ्या लेकीने, एल्साने, माझ्या सासूला विचारलं.

"मोठी झाली ना पिल्लं, मोळे, बाळा. आता आई तोडणारच. जन्मभर पंखाखाली बसली तर टिपायला कधी शिकतील, आळशी मेली?"

मी आत कुवेतला न्यायची बॅग भरत होते. तिथल्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली होती. मी गेल्यावर एल्साने रडू नये म्हणून आठवडाभर तिला सासूजवळ निजवत होते, जवळ आली की उगाच खेकसत होते.

ती दारात येऊन उभी राहिली. फ्रॉकवर वाळलेली शितं होती, ती तिने मला दाखवली.

"अम्मा, मी नाही गं मोठी झाले. बघ, अजून सांडतो माझा भात."