जांभळा रंग

झाडांची छाटणी करणाऱ्याने दोन सुरे लोहाराच्या ऐरणीवर ठेवले. एक अख्खा, कारखान्यातला, चकचकीत स्टेनलेसचा. दुसरा लोहाराच्या हातचा, दोन तुकड्यांत.

"तिसऱ्याच घावाला तुटला, काका. टोकाचा तुकडा उडाला तो थेट माझ्या भावाच्या मांडीत. सात टाके पडले."

भात्यापाशी बसलेल्या लोहाराच्या बायकोचा हात थांबला.

लोहाराने आधी कारखान्याचा सुरा उचलला, टिचकी मारून आवाज ऐकला. "हे तुझं स्टेनलेस म्हणजे मांडवातला नवरदेव. दिसायला देखणा, गंजायची भीती नाही. कामाला जुंपला की दोन दिवसांत बोथट. आणि मुठीत पातं किती गेलंय? बोटभर! पुढे नुसतं प्लास्टिक. माझं पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसलग, वर तीन रिबिटा. ट्रकच्या कमानीचं पोलाद आहे ते."

"नवरदेव तर नवरदेव. कुणाच्या मांडीत तरी घुसला नाही."

लोहाराने तुटलेली कड अंगठ्याने चाचपली. डोळ्यांजवळ नेली, मग आणखी जवळ. "कमानीचा पाटाच वाईट निघाला. भंगारवाल्याने टोपी घातली मला. बस, दुसरा देतो. कालच पाणी दिलंय, नुसता आचेवर उतरवायचा राहिलाय."

पाटा वाईट नव्हता. त्याच पाट्याचा पहिला सुरा खाटकाकडे दोन वर्षं हाडं फोडत होता. बायकोला ते ठाऊक होतं.

लाल तापवून पाण्यात बुडवलेलं, म्हणजे पाणी दिलेलं पातं काचेसारखं कडक होतं. मग ते मंद आचेवर धरून जरा नरमवायचं. तापत जाईल तसे त्याच्यावर रंग चढतात. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग मधाचा, मग जांभळा. घाव घालायच्या सुऱ्याला जांभळ्याच्या आधी आचेवरून काढायचं नाही, नाहीतर तो तुटतो. चाळीस वर्षं तिने भाता ओढला, लोहाराचा रंग कधी चुकला नव्हता. हल्ली मात्र तो पडलेला खिळा उचलताना आधी जमीन चाचपायचा. धुराने डोळे चुरचुरतात, म्हणायचा. तिने ते मानलं होतं. मानणं सोपं होतं.

लोहाराने सांडशीत पातं धरलं. थोड्या वेळाने म्हणाला, "आला जांभळा," आणि पाण्याच्या पिंपाकडे वळला.

पातं पिवळं होतं.

गिऱ्हाइकासमोर तिने नवऱ्याचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता.

"अहो, थांबा."

"आता काय?"

"पिवळा आहे अजून."

"डोळे फुटले का तुझे?"

छाटणीवाला उठून जवळ आला, वाकला.

"काका," तो हळूच म्हणाला, "पिवळाच आहे."

सांडशी हवेतच राहिली. मग लोहाराने पातं पुन्हा आचेवर धरलं. "सांग तूच," तो बायकोला म्हणाला.

तिने भाता अलगद ओढला. "मधाचा आला... अजून मधाचाच... थांबा... हं, आता."

पातं पाण्यात चुरचुरलं.

मूठ बसल्यावर उद्या न्यायला येतो, असं सांगून छाटणीवाला निघाला. कारखान्याचा सुरा त्याने आठवणीने बरोबर घेतला.

लोहार जमिनीवरच बसला.

"या वर्षी किती सुरे गेले गं आपल्याकडून?"

"सगळे की..." ती अडखळली. "पिवळ्यावर काढलेले?"

"पिवळ्यावर काढलेले."

तिला आठवावं लागलं नाही. "एकवीस."

लोहाराने मान वर केली आणि जिथून तिचा आवाज आला, तिकडे बघत राहिला.