पेनल्टीपुरतं बाहेर
फुटबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण पेनल्टी आली की टीव्हीसमोर तिलाच बसावं लागायचं. आपण बघितलं की गोल होतो, अशी मिस्टरांची समजूत. लाडक्या गोलकीपरसमोर कोणी पेनल्टीला उभं राहिलं की ते चपला अडकवून जिन्यात जायचे. "पनवती बाहेरच बरी," म्हणायचे. ती दार उघडून सांगायची, "या आत, अडवली त्याने." त्याने अडवलेली एकही पेनल्टी त्यांनी डोळ्यांनी पाहिली नाही. आज गोलकीपरचा शेवटचा सामना होता. मिस्टरांना जाऊन महिनाही झाला नव्हता. शेवटच्या मिनिटाला पेनल्टी आली. जिन्यात कोणीच नव्हतं. त्यांच्या चपलांत पाय सरकवून ती बाहेर गेली, दार ओढून घेतलं. आत टीव्हीवर एकच गलका उठला. ती ताटकळत उभी राहिली. दार कोणी उघडलं नाही.