टेम्पोतला दिवा

ऑइलचा सेन्सर अर्धा पान्यात आला आणि अर्धा इंजिनातच राहिला. गॅरेजवाल्या जीवनने हातातला तुकडा उलटासुलटा करून पाहिला, एक सणसणीत शिवी हासडली आणि मग टेम्पोत भामाकाकी बसलीय हे आठवून जीभ चावली.

भामाला शिवीचं काही नव्हतं. ती ड्रायव्हरशेजारच्या सीटवर, तिच्या नेहमीच्या जागेवर बसली होती. गॅरेजच्या पत्र्याला पडलेल्या भोकांतून दुपारचं ऊन थेंबाथेंबाने खाली येत होतं आणि डिझेलच्या वासाने तिचे डोळे जड झाले होते. सेन्सर मोडला हे कळलं तेव्हा तिला चक्क बरं वाटलं. लेकीचं काम अडावं असं कुठल्या आईला वाटतं? पण वाटलं खरं, आणि त्याची लाजही वाटली.

स्टिअरिंगमागे एक लाल दिवा होता. लांब चोचीचं तेलाचं भांडं आणि चोचीतून गळणारा थेंब, एवढंच चित्र. गाडीवाल्यांना ती ऑइलची खूण. भामाने जन्मभर देवापुढे दिवे लावले, तिला तो दिवाच दिसायचा.

माघात तिचा नवरा कमळाकर करंज्याच्या बंदरावरची मासळी पनवेलच्या बाजारात उतरवून सुकापूरला घरी आला. दारात टेम्पो लावला, इंजिन बंद करायचा खटका ओढला आणि उतरलाच नाही. भामा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, तेव्हा तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेला. चावी तशीच, आणि समोर हा लाल दिवा पेटलेला. पुढे घरात त्याच्यासाठी लावलेला दिवा दिवसकार्य झाल्यावर रीतीप्रमाणे शांत केला. टेम्पोतला मात्र होईना. रंजिताने बापाचं काम हाती घेतलं, टेम्पो रस्त्यावर काढला, तरी तो आपला पेटलेलाच. लोक म्हणाले, ऑइल चढत नसेल, इंजिन जाम होईल. मग टेम्पो दारात उभा राहिला आणि रंजिता दुसऱ्यांच्या हातापाया पडून त्यांच्या गाडीतून टोपल्या आणू लागली.

आणि भामा? ती रोज संध्याकाळी टेम्पोत जाऊन बसायची, चावी अर्धी फिरवायची आणि दिव्याकडे बघत राहायची. विचारलं तर म्हणायची, "वारा बरा येतो हितं." बॅटरी उतरली की रंजिता कपाळाला हात लावायची. शेवटी आज तिने टेम्पो दोरीने ओढत इथे आणला होता. ऑइल ठीक आहे, दिव्याचा सेन्सरच बिघडलाय, असं जीवनने सांगितल्यावर ती नवा सेन्सर आणायला पनवेलात गेली होती.

तेवढ्यात भामाने डाव साधला. खिडकीतून वाकून ती म्हणाली, "जीवन, गाडी चांगली कर. पन तो दिवा तेवडा इजवू नको, बाबा. तुज्या काकांचा हाय तो."

जीवनने वर पाहिलं. त्याला हसू यायला हवं होतं, आलं नाही. एक वायर दुसरीकडे जोडली की दिवा कायमचा पेटता राहिला असता, पाच मिनिटांचं काम. पण मग एक दिवस खरंच ऑइल संपलं असतं आणि रंजिताला भररस्त्यात कळलंही नसतं.

"बगतो, काकी," तो म्हणाला.

त्याने अडकलेल्या तुकड्यावर तेल सोडलं, ते मुरू दिलं. तुकड्याच्या मधोमध बारीक भोक पाडून त्यात काढायचं हत्यार रुतवलं आणि हळूहळू उलटं फिरवलं. तुकडा निघाला, पण ज्यात सेन्सर पिळून बसतो ते भोकाचे आटेही घेऊन निघाला. आता भोक मोठं करायचं, नवे आटे पाडायचे, त्यात पितळेचा बुश, म्हणजे आखूड नळी, बसवायचा. लोखंडाचा कीस इंजिनात पडू नये म्हणून तो आटे पाडायच्या टॅपला ग्रीस फासत होता, फिरवून बाहेर काढत होता, पुसत होता, पुन्हा घालत होता.

त्या कुरकुरीच्या लयीत भामाचा डोळा लागला. शेजारच्या सीटवर कमळाकर आला. अंगाला मासळीचा वास, हात गिअरवर. "निगू का?" त्याने विचारलं. "थांब जरा," ती म्हणाली. रोज सकाळी ती हेच म्हणायची आणि तो काही थांबायचा नाही. आत्ता मात्र तो थांबला. गाडी जागची हलेना, रस्ता दिसेना, आणि कमळाकर अवघडून नुसता बसून राहिला. भामाला त्याची कीव आली.

"काकी, चावी फिरवा. अर्धीच," जीवनचा आवाज आला. रंजिता येऊन ड्रायव्हरच्या जागेवर बसली होती. नवा सेन्सर लागला होता.

भामाने चावी फिरवली. दिवा पेटला. तिने दिव्याला हात जोडले. "राखलास रे, पोरा!"

जीवनने रंजिताला खूण केली. इंजिन खोकलं, धडधडलं, सुरू झालं. दिवा विझला.

"फसवलंस मना," भामा म्हणाली.

"नाय, काकी. काकांच्या हातात पन तो असाच इजायचा. गाडी निगाली की इजनार, घरी येऊन थांबली की पेटनार. सतत पेटला तर समजायचं, काय तरी बिगडलंय."

रंजिता एकदा त्याच्याकडे, एकदा आईकडे बघत राहिली. आई संध्याकाळी कसला वारा खात होती ते तिला आता कळलं. तिने चावी तशीच ठेवून खटका ओढला. इंजिन थांबलं, दिवा पुन्हा पेटला.

भामा दिव्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं कमळाकर दारात पोचला की हा लागत होता, आणि ती आत चुलीपाशी असायची. तिने पदराने डोळे पुसले आणि लेकीच्या खांद्यावर हात ठेवला.

"उद्यापासून जा करंज्याला," ती म्हणाली. "आनि घरी आलीस की लगेच चावी काडू नको. आदी मना हाक मार."