मोकळी हवा

थंडी पडली की भोसरीत फाउंड्रीचा धूर धुक्यात मिसळायचा आणि ऊन चढेपर्यंत घरादारात बसून राहायचा. सोपानराव अंथरुणात उठून बसत आणि खोकत राहत. शालनबाई मागे बसून नवऱ्याची पाठ चोळत. यंदा धाप फारच वाढली, तशा त्या त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या.

डॉक्टर नवीन होते. छाती तपासून म्हणाले, "हिवाळाभर यांना गावाला नेऊन ठेवा. इथली हवा यांना सोसायची नाही."

"डॉक्टर, हेच आमचं गाव हाय," शालनबाई म्हणाल्या. "दुसरं कुठलं न्हाई."

डॉक्टरांनी औषध लिहून दिलं.

संध्याकाळी हे त्यांच्या भाडेकरूच्या, विलासच्या कानावर गेलं. तो लातूरकडचा, त्याच फाउंड्रीत कामाला. शिफ्ट संपवून आला होता, तोंडावरची काजळीही अजून धुतली नव्हती. तसाच दारात येऊन म्हणाला, "मामा, माझ्या गावाला चला. आई आहे तिथं, तुमचं सगळं करील. हवा एकदम मोकळी, धुराचं नाव नाही."

धाप जरा बसल्यावर सोपानरावांनी विचारलं, "एवढी चांगली हवा सोडून तू हितं कशाला आलास, बाबा?"

विलास दमून उंबऱ्यावरच टेकला.

"बहात्तर साली तिथं हवेशिवाय खायला काहीच नव्हतं, मामा."