पिवळं वचन

राजारामपुरीत दीनाकाकूंना बायबलचं ॲप शिकवायला गेले. म्हटलं, शब्द टाका, त्यावरची सगळी वचनं येतात. काकूंनी पहिलाच शब्द टाकला, 'मूर्ख'. त्यातलं सगळ्यात झोंबणारं वचन निवडून त्यांनी शेजारी राहणाऱ्या जावेला, मार्थाला पाठवलं. दोघींचा आठ वर्षांचा अबोला.

"काकू, आधी आपण मनन करायचं असतं."

"मनन ती करंल की. तिलाच गरज हाय."

तेवढ्यात फोन वाजला. मार्थानं तेच वचन परत पाठवलं होतं, पिवळा रंग लावून.

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"बाई, गेल्या रविवारी तिच्या दारात तुमची चप्पल बघितलीय मी. तिला रंग लावायचं शिकवलंसा, आणि मला नुसतं शोधायचंच व्हय?"