उरलेला शब्द

अर्धांगाचा झटका आला आणि जन्मभर शिवणकाम केलेल्या अण्णांच्या तोंडी एकच शब्द उरला, सदरा. पाणी हवं असलं तरी सदरा, चष्मा हवा असला तरी सदरा, नातीला हाकसुद्धा सदराच. सून मात्र भलती हुशार, नुसत्या सुरावरून ओळखायची.

आज अण्णांचं अंग पुसून होतंय न होतंय तोच माहेरचा फोन आला, म्हणून ती बाहेर गेली. आतून हाका सुरू झाल्या. "सदरा! सदरा!"

"आले हो, अण्णा!" फोन कानाशी तसाच धरून तिने पाणी दिलं, चष्मा दिला, रेडिओ लावला, शेवटी खिडकीही सताड उघडली.

"आता आणखी काय हवंय, अण्णा?"



उघड्या अंगाने कुडकुडणाऱ्या अण्णांकडे सदऱ्यासाठी दुसरा शब्दच नव्हता.